टेनिस खेळायला कुठं राहायचं बरं?

मित्रमैत्रिणींनो, आज मी तुम्हांला अशा एका वस्तीत नेणार आहे, जिथं एकाच जाळ्याचे दोन उपयोग होतात. सकाळी ते जाळं मासे पकडतं आणि म्हातारं झालं की संध्याकाळी चेंडू अडवतं! खोटं वाटतंय? चला तर माझ्याबरोबर.

चर्चगेट स्टेशनला उतरा आणि दक्षिणेकडे चालायला लागा. डाव्या हाताला ओव्हल मैदान लागेल. पांढऱ्या कपड्यांतली मुलं क्रिकेट खेळत असतील, पलीकडे राजाबाई टॉवर वेळ दाखवत उभा असेल. मादाम कामा रस्ता ओलांडला की कूपरेज. तिथून आणखी थोडं चाललात की हवेला खारट वास येऊ लागतो. उजव्या हाताला, समुद्राच्या बाजूला, कॅप्टन प्रकाश पेठे मार्गाला लागून घरांची दाटी दिसते. हेच कफ परेडचं मच्छीमार नगर. पाठीमागं उंचच उंच इमारती, समोर बॅक बेचं पाणी, पाण्यापलीकडे नरिमन पॉइंट आणि या दोहोंच्या मध्ये होड्या, दोरखंड, बर्फाच्या पेट्या नि निळ्या-हिरव्या जाळ्यांचे ढीग.

मुंबई एकेकाळी सात बेटांची होती, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. कुलाबा त्यांतलंच एक. १८३८ साली भरणी करून रस्ता बांधला, तेव्हा कुलाबा बाकीच्या मुंबईला जोडलं गेलं. पुढे समुद्रात भर घालत घालत शहर पसरत गेलं. पण या बेटांवर त्याच्या कितीतरी आधीपासून राहणारे लोक म्हणजे कोळी. कुलाबा हे नावही कोळ्यांवरूनच पडलं असं मानतात.

इथं माझा एक जुना मित्र राहतो. बोटीवर जातो. त्याची मुलगी सातवीत आहे. "काका, माझं नाव मासिकात छापायचं नाही हं!" असं तिनं मला बजावलंय. म्हणून आपणही तिच्या आजीसारखं तिला 'बाय' म्हणू या.

बाय टेनिस खेळते. सुरुवात कशी झाली ठाऊक आहे? कोणीतरी टाकून दिलेली एक रॅकेट तिच्या बाबांना मिळाली. तार तुटलेली होती, ती बदलून घेतली. जाळी वाळवायच्या सिमेंटच्या मोकळ्या जागेत मुलांनी दोन बांबू रोवले, निकामी झालेलं जाळं त्यांना बांधलं आणि झालं कोर्ट! जाळं मधे झोळायचं, तर बाय म्हणाली, "बरोबरच आहे. खऱ्या टेनिसचं जाळंसुद्धा मधे खालीच असतं." आणि तिचं म्हणणं खरं आहे. टेनिसचं जाळं खांबांपाशी साडेतीन फूट आणि मधोमध तीन फूट उंच असतं.

पुढे बाय एका ठिकाणी शिकायला जाऊ लागली. दोन वर्षं गेली. गेल्या वर्षी तिच्या शिक्षकांनी घरी निरोप पाठवला, "मुलीचा हात चांगला आहे. पण तिला बाराही महिने खेळायला मिळालं पाहिजे. जमत असेल तर पुण्याला जा."

झालं! घरात दोन तट पडले. पुण्यात बायची मावशी राहते. बाबा म्हणाले, "जाऊ दे, तिथं शिकेल." आजी म्हणाली, "बारा वर्साची पोर घर सोडून कशाला जाईल?" आई गप्प राहिली. आणि बाय? तिला दोन्ही हवं होतं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहिता, फिरता. सांगा, टेनिस खेळायला माणसानं कुठं राहावं?"

आता आली का पंचाईत! एका कुटुंबाचं बिऱ्हाड हलवायचा प्रश्न. तोंडाला येईल ते सांगून कसं चालेल? म्हणून मी आणि बायनं मिळून अभ्यास केला. तो आज तुमच्यापुढं ठेवतो. तुमचा खेळ टेनिस नसला तरी उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न : पाऊस.

टेनिसचा सगळ्यांत मोठा शत्रू पाऊसच ना? कुलाब्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुण्याला सातशेच्या आसपास. हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही. म्हणून बायनं गणित मांडलं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दुहेरीचं टेनिस कोर्ट २३.७७ मीटर लांब नि १०.९७ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ २६१ चौरस मीटर. त्याला दोन हजारांनी गुणा. पाच लाख बावीस हजार लिटर! दहा हजार लिटरचे बावन्न टँकर एका कोर्टावर रिकामे झाले म्हणा. पुण्यातल्या कोर्टावर त्याच हिशेबानं अठरा टँकर.

"बघा, पुणं जिंकलं!" बाबा म्हणाले.

थांबा, थांबा. हे बावन्न टँकर वर्षभर थोडे थोडे येतात का? नाही. जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत मुंबईत पाऊस जवळपास नसतोच. म्हणजे सात-साडेसात महिने खेळ ठरवायचा तर आभाळाकडं बघावंही लागत नाही! आता लंडनला जा. तिथल्या विम्बल्डनची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली, जगातली सगळ्यांत जुनी. पण तिथं पाऊस बाराही महिने केव्हाही टपकतो. शेवटी २००९ साली त्यांनी मुख्य कोर्टावर सरकतं छप्परच बसवलं. टेनिसच्या पंढरीतसुद्धा पावसापासून सुटका नाही, मग आपण किती रडायचं?

पाऊस थांबल्यावर काय होतं, तेही महत्त्वाचं. कोर्ट सिमेंटचं किंवा कृत्रिम लेपाचं असेल, तर पाणी ओढून काढलं की थोड्या वेळात खेळ सुरू. मातीचं असेल, तर माती बसायला हवी, वर रोलर फिरवायला हवा. भर पावसाळ्यात ते शक्यच नाही. म्हणजे 'कोणतं गाव' याआधी 'कोणतं कोर्ट' हे विचारायला हवं.

आणखी एक गंमत ऐका. २६ जुलै २००५ चा पाऊस तुमच्या आईबाबांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, सगळं शहर थांबलं. आणि त्याच दिवशी कुलाब्यात? जेमतेम ७३! एकाच शहरात एवढा फरक. तेव्हा 'मुंबईत पाऊस फार' हे वाक्यही अर्धंच खरं.

दुसरा प्रश्न : ऊन आणि उजेड.

नागपूरला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. तिथले खेळाडू उजाडता उजाडता कोर्टावर येतात नि ऊन चढायच्या आत घरी जातात. मुंबईत मे महिन्यातही पारा साधारण तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो, पण हवेत दमटपणा इतका, की घाम वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही आणि खेळाडू लवकर दमतो. पुण्याची हवा कोरडी, थंडीतल्या सकाळी तर बोटं रॅकेटवर वळत नाहीत. म्हणजे प्रत्येक गावाचा एक त्रास ठरलेला!

दिवस मात्र आपल्याकडे फार लहान-मोठे होत नाहीत. मुंबईत जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, नोव्हेंबर अखेरीस सहाला. शाळा सुटल्यावर तासभर खेळायला उजेड वर्षभर मिळतो. युरोपातल्या मुलांना हिवाळ्यात हे सुख कुठलं?

आणि हो, तुमच्या जवळपास टेनिस कोर्ट असेल तर होकायंत्र घेऊन जा. त्याची लांबी बहुतेक उत्तर-दक्षिण असेल. का? विचार करा बरं! बरोबर. सकाळ-संध्याकाळचा सूर्य खेळाडूच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

तिसरा प्रश्न : वारा.

इथं मात्र बायच्या घरातले सगळेच मास्तर निघाले. भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही खारे वारे नि मतलई वारे वाचले आहेत ना? दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि उलटा, जमिनीवरून समुद्राकडे वारा सुटतो. हा मतलई. कोळ्यांनी या दोन वाऱ्यांवर पिढ्यान् पिढ्या शिडं हाकली. बायला वारा समजायला पुस्तक उघडावं लागत नाही. चेंडू वर फेकून सर्व्हिस करायच्या आधी ती एकदा समुद्राकडं बघते. पाण्यावरच्या सुरकुत्या बघून तिला कळतं, चेंडू किती सरकणार.

चेंडूचंही ऐका. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो. त्यावरचं लोकरीसारखं आवरण दमट हवेत ओल धरतं, चेंडू जड नि मंद होतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. तिथं हवा थोडी विरळ, म्हणून चेंडू जरा वेगानं जातो. समुद्रकाठी खेळणारा लांब रॅली खेळायला शिकतो, पठारावरचा लवकर हात फिरवायला. दोन्हीकडं खेळलेला खेळाडू अधिक तयार होतो, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

चौथा प्रश्न : दार.

हा प्रश्न आम्ही कागदावर शेवटी लिहिला होता आणि तोच पहिला निघाला.

नकाशा पसरा. मच्छीमार नगरापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरात काय काय आहे बघा. कूपरेजला महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेची कोर्टं. आझाद मैदानाजवळ १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियम आणि तिथला क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. याच क्लबच्या कोर्टावर २०१७ च्या नोव्हेंबरात महिलांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि बेलारूसची एकोणीस वर्षांची एक मुलगी ती जिंकून गेली. तिचं नाव आर्यना सबालेंका. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली!

म्हणजे टेनिसच्या हिशेबानं बायचं घर सोन्यासारख्या जागी आहे. पण एक अडचण आहे. यांतली बरीच दारं सभासदांसाठीच उघडतात. सभासदत्व महाग असतं, शिवाय नुसते पैसे असूनही ते लगेच मिळत नाही. एकदा बाय आणि तिचे बाबा एका दारापाशी चौकशीला गेले. दारावरच्या माणसानं विचारलं, "मेंबर का?" बाबा म्हणाले, "नाही." "मग?" एवढंच तो बोलला. दोघं परत आले. बाय सांगते, "काका, पावसानं मला घरी पाठवलं तर राग येत नाही. पण त्या 'मग?'चा आला."

म्हणून, दोस्तांनो, कोर्ट घराजवळ असणं आणि ते तुमच्यासाठी उघडं असणं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कूपरेजला मुलांना शिकवायचे वर्ग चालतात. नेपियन सी रोडच्या प्रियदर्शिनी पार्कातही टेनिस आहे. आणि ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडहून भुयारी मेट्रो थेट गिरगाव, वरळी, दादर करत आरेपर्यंत धावू लागली आहे. गिरगावच्या किंवा दादरच्या मुलाला आता 'जवळ' या शब्दाचा अर्थ नव्यानं शोधता येईल.

पाचवा प्रश्न : जोडीदार.

क्रिकेटला बावीस जण लागतात, टेनिसला दोनच. पण तो दुसरा असावा लागतो! आणि तो तुमच्यापेक्षा थोडा बरा असला तर उत्तम. या बाबतीत पुणं खरंच पुढं आहे. १९०६ साली स्थापन झालेला डेक्कन जिमखाना, बालेवाडीचं क्रीडासंकुल, कितीतरी जिमखाने आणि त्यांत खेळणारी मुलं. अंकिता रैना मूळची अहमदाबादची. टेनिससाठी ती शाळकरी वयात पुण्याला आली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत एकेरीचं कांस्यपदक जिंकली. पुण्याच्या ऋतुजा भोसलेनं २०२३ साली हांगझौला रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं. लिअँडर पेसही बारा वर्षांचा असताना कोलकात्याहून मद्रासच्या टेनिस अकादमीत शिकायला गेला होता.

"म्हणजे जायलाच हवं," बाबा म्हणाले.

तेव्हा मी त्यांना राफाएल नदालची गोष्ट सांगितली. स्पेनच्या मायोर्का बेटावर मनाकोर नावाचं गाव आहे. नदाल तिथला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला बार्सिलोनाला येऊन शिकायचं बोलावणं आलं. घरच्यांनी विचार केला नि नाही म्हटलं. काका घरीच शिकवत होता, शाळा होती, घर होतं. नदाल बेटावरच राहिला आणि पुढे बावीस ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकला.

आता सांगा, कोण बरोबर? अंकिता की नदाल? दोघंही! ज्याच्या घराजवळ शिकवणारा आणि जोडीदार होता, तो राहिला. जिला ते मिळवायला जावं लागलं, ती गेली.

मग आम्ही काय केलं? बायनं एक वही घातली. रोज एक खूण. खेळले तर गोल. नाही खेळले तर कारण : पाऊस, परीक्षा, आजारपण, कोर्ट मिळालं नाही, जोडीदार नव्हता. वर्षभर तिनं ती इमानानं भरली. वर्ष संपल्यावर आम्ही सगळे वही उघडून बसलो. पावसाच्या खुणा बऱ्याच होत्या, नाही कसं म्हणू? पण त्याहून जास्त खुणा शेवटच्या दोन कारणांच्या होत्या.

आणि एक नवल दिसलं. जून-जुलैत, ऐन पावसात, गोल अपेक्षेपेक्षा जास्त होते! असं कसं? तर त्या महिन्यांत मासे अंडी घालतात, समुद्रही खवळलेला असतो, म्हणून यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. बोटी किनाऱ्याला. बाबा घरी. पावसानं जरा उघडीप दिली की बापलेक बाहेर. बाबांना टेनिस येत नाही, पण चेंडू अचूक टाकून देता येतो. वर त्यांनीच बायला एक गोष्ट शिकवली. जाळं फेकताना नुसता हात फिरवायचा नसतो, कंबर फिरली पाहिजे. फोरहँडचंही तेच तर आहे! उघडीप नसेल त्या दिवशी बाय जिन्यावर चढउतार करायची नाहीतर आडोशाच्या भिंतीवर चेंडू मारायची. भिंत कधी दमत नाही नि कधी "मेंबर का?" असंही विचारत नाही.

पावसात दुसरा खेळ खेळला तरी काही बिघडत नाही बरं का! सांगलीला जन्मलेले नंदू नाटेकर लहानपणी टेनिस खेळायचे. ज्युनिअर गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत ते रामनाथन कृष्णनकडून हरले आणि बॅडमिंटनकडं वळले. १९५६ साली परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. आणि त्यांचा मुलगा गौरव? तो टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला!

वही मिटली. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आजी म्हणाली, "दर्यापन दोन महिने सुट्टी घेतो गो बाय. तू कशाला बाराही महिने म्हनतेस?" सगळे हसले, पण मला ते पटलं. 'वर्षभर खेळणं' म्हणजे रोज खेळणं नव्हे. वर्षातला एकही महिना खेळाशिवाय न जाणं, म्हणजे वर्षभर खेळणं.

ठरलं ते असं. बाय सध्या मच्छीमार नगरातच राहील. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडं पुण्याला जाईल, तिथं भरपूर सामने खेळेल. परत येताना वेगवान चेंडूची सवय घेऊन येईल. जोडीदार नसल्याच्या खुणा कमी करायच्या म्हणून वस्तीतल्या चार मुलींना ती स्वतः शिकवते आहे. दोन वर्षांनी वही पुन्हा उघडायची. तेव्हा वही म्हणाली 'जा', तर जायचं. आजीनंही मान हलवली आहे. फक्त डोळे पुसले, ते आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

आईबाबांनो, चार ओळी तुमच्यासाठी. मुलांच्या खेळासाठी घर बदलायचा विचार मनात आला, तर आधी कोर्टावर जाऊन विचारा. माझ्या मुलाला कोणत्या वेळी जागा मिळेल? पावसाळ्यात तुम्ही काय करता? भिंत आहे का, दिवे आहेत का? त्याच्या तोडीची मुलं किती? आणि घरून तिथं पोचायला वेळ किती? किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. तासभर खेळायला दोन तास प्रवास करावा लागला, तर खेळ टिकत नाही.

आणि मुलांनो, तुम्ही आजच एक वही घाला. तुमचा खेळ कोणताही असो, खो-खो, बुद्धिबळ, पोहणं. रोज एक खूण करा आणि वर्षानं बघा, तुम्हांला खरोखर कोण अडवतं. पाऊस, की आणखी काही? उत्तर बघून तुम्हीही चकित व्हाल.

कधी कफ परेडला आलात, तर संध्याकाळी मच्छीमार नगराकडं वळा. होड्यांच्या पलीकडं सूर्य बुडत असेल. दोन बांबूंना बांधलेलं जुनं निळं जाळं दिसेल. चेंडूचा टप् टप् आवाज येत असेल. खेळायला एक जण कमी असेल, तर बाय तुम्हांला नक्की हाक मारील. तिथं मेंबर व्हावं लागत नाही.